जावयाच्या चुका

१७ जून २०१५, बुधवार

शनिवारच्या क्लासच्या बाईंनी रोज जर्मनमध्ये डायरी लिहायला सांगितलं आहे. पहिलं वाक्य लिहिलं: आज बुधवार आहे. दुसरं: मी थकलो आहे. तिसरं सुचेना. म्हणून ही वही मराठीत. बाईंना दाखवायची नाही.

परिस्थिती अशी आहे. इथल्या वन-नॉर्थ या ऑफिसांच्या भागातली आमची पस्तीस जणांची टीम मार्चमध्ये बंद होणार. चौघांना मूळ कंपनीत, जर्मनीत हानोव्हरजवळच्या एका गावात, जागा आहे. त्या चौघांत मी आहे, कारण नोकरीला लागताना बायोडेटात 'भाषा: मराठी, हिंदी, इंग्रजी, जर्मन' असं ठोकून दिलं होतं. पुण्यात दहावीला जर्मन घेतलेला प्रत्येक माणूस हे करतो. जर्मन घ्यायचं ते स्कोअरिंग म्हणून. मला शंभरात शहाण्णव होते. 'माझी मांजर' हा निबंध मी अजूनही म्हणून दाखवू शकतो. आमच्याकडे मांजर कधीच नव्हती.

काल आमचा डायरेक्टर मार्टिन मोठ्या आनंदानं माझ्याशी जर्मनमध्ये बोलायला लागला. मी दोन मिनिटं नुसता हसत राहिलो. मग तो इंग्रजीवर आला आणि म्हणाला, डिसेंबरअखेर बी-वन, म्हणजे मधल्या पातळीची, परीक्षा पास हो. तिथल्या कारखान्यातली माणसं इंग्रजी बोलत नाहीत. पास झालास तर जागा तुझी, नाहीतर मार्चनंतर घरी. त्रेचाळिसाव्या वर्षी घरी बसायचं म्हणजे बायकोच्या, ऋचाच्या, बँकेच्या पगारावर, आणि तेही सासूसमोर.

पण सासू हाच उपायही आहे. आशालताबाई, म्हणजे आई, पुण्यात मुलींच्या शाळेत एकतीस वर्षं जर्मन शिकवत होत्या. लग्नाच्या बोलणीत त्यांनी माझा पगार विचारला नव्हता, दहावीचे जर्मनचे मार्क विचारले होते. सासरे गेल्यावर, तीन वर्षांपूर्वी, आम्ही त्यांना पुण्याहून इथं, पासिर रिसच्या आमच्या घरी, घेऊन आलो. ऋचाच्या नोकरीवर त्यांना इथं राहायचा पास, म्हणजे परवाना, मिळाला आहे. आज जेवताना मी विचारलं, "आई, मला शिकवाल का?" त्यांच्या हातातली पोळी तशीच राहिली. म्हणाल्या, "सुबोधराव, अहो, मी तुम्हाला शिकवायचं?" पण चेहरा असा फुलला होता की ऋचा हसली.

उद्यापासून सकाळी सहा ते पावणेसात. त्यानंतर मला ट्रेन गाठायची असते.

२२ जून

पाच दिवस झाले. आई आधी आंघोळ करून, साडी नेसून बसतात. मी बर्म्युडात. मी एक परिच्छेद लिहितो, त्या चष्मा लावून वाचतात आणि म्हणतात, "छान." मी बोलतो, त्या डोळे मिटून ऐकतात, कधी कधी ओठ हलतात, आणि मग "छान." एकदाही अडवलं नाही. शनिवारच्या क्लासच्या बाई मला दर दोन शब्दांना अडवतात. शिकवण्याच्या दोन पद्धती असतात, त्यातली मायेची पद्धत मला मानवते.

५ जुलै, रविवार

अधिक महिना. जावयाला वाण द्यायचा महिना. आईंनी तीन दिवस तांदूळ भिजवले, इथल्या दमट हवेत ते पीठ आंबेल की काय या काळजीनं पंख्याखाली पसरले. आज सकाळी तेहतीस अनारसे. सगळे जाळीदार, एकही तुपात हसला नाही. मला पाटावर बसवलं, ओवाळलं, वर दिवा ठेवलेलं ताट हातात दिलं आणि वाकून नमस्कार करायला लागल्या. मी ओरडलोच. तर म्हणाल्या, "या महिन्यात जावई म्हणजे विष्णू. बसा गप."

इरा, आमची अकरा वर्षांची, हे सगळं मोबाइलवर टिपत होती. म्हणाली, "आजी, यू प्रे टू बाबा आह? ही नेव्हर इव्हन डू द डिशेस, लाह."

विष्णूनं नंतर भांडी घासली.

१० जुलै

जर्मनीहून एचआरचं चार पानी पत्र आलं. व्हिसा, घर, इराची शाळा, ऋचाला तिथं काम करायची परवानगी. बायको आणि मूल यांचं सगळं होईल. शेवटी एक ओळ आहे की आईवडील किंवा सासूसासरे यांना बरोबर नेता येणार नाही. ती भानगड नंतर पाहू. आधी परीक्षा.

मार्टिन म्हणाला, जोडीनं बोलायच्या भागाची तयारी कर. दोघा परीक्षार्थींनी मिळून काहीतरी ठरवायचं असतं: सहल, पार्टी, असलं काही. मग एकेकानं एका विषयावर पाचेक मिनिटं बोलायचं आणि दुसऱ्यानं त्यावर प्रश्न विचारायचा. आईंबरोबर रोज सहली ठरवतो आहे. आज आम्ही ऱ्हाइन नदीवर बोटीतून गेलो. डबा मी नेणार होतो.

१४ जुलै

कोरे कागद संपले म्हणून ऑफिसातून एका बाजूला छापलेली रद्दी आणली आणि पाठच्या बाजूला सहा पत्रं लिहून आईंना तपासायला दिली. संध्याकाळी परत मिळाली. सगळ्यांवर पेन्सिलीनं बारीक अक्षरात 'छान'. चुकून एचआरच्या पत्राची पानंही त्यातच गेली होती. बरं झालं, नाहीतर मी ती शोधत बसलो असतो.

जेवताना आईंनी विचारलं, पुण्याहून हानोव्हरला किती तास लागतात. मी सांगितलं, सरळ विमान नाही, धरा सोळा-सतरा. त्यांनी मान हलवली. भूगोलाची त्यांना पहिल्यापासून आवड.

९ ऑगस्ट

या बेटावरच्या देशाला स्वतंत्र होऊन पन्नास वर्षं झाली म्हणून सगळीकडे झेंडे. आमच्या ब्लॉकवर तर प्रत्येक खिडकीत. इरा शाळेत गाणी म्हणून आवाज बसवून आली आहे. आईंनी खिडकीतून विमानांची कवायत पाहिली आणि म्हणाल्या, "मला इथं आवडतं हो." मी म्हणालो, "आवडायलाच पाहिजे, खाली भाजीवाला पण तुम्हाला ऑन्टी म्हणतो." त्या हसल्या नाहीत. ऊन फार होतं.

२९ ऑगस्ट, शनिवार

परीक्षा दिली. झकास. पत्र लिहिलं दीड पान, बोललो तर धबधब्यासारखा. परीक्षक बाई सारखं काहीतरी लिहून घेत होत्या, म्हणजे प्रभावित झाल्या असाव्यात. 

घरी आल्यावर आईंनी विचारलं, "काय काय लिहिलंत?" मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "छान," आणि देवापुढं जाऊन बसल्या.

१६ सप्टेंबर, बुधवार

नापास. वाचन ८८, ऐकणं ६४, लेखन ५१, बोलणं ४७. प्रत्येकात साठ लागतात.

मार्टिननं खांद्यावर हात ठेवला. नापास झालेले दोन भाग पुन्हा देता येतात, नोव्हेंबरअखेर. ती शेवटची संधी.

जे लिहू नये ते लिहितो. घरी आलो तर आई दारातच उभ्या. मी कागद टेबलावर टाकला आणि म्हणालो, "एकतीस वर्षं मुलींना हेच शिकवत होतात का?" ऋचानं माझ्याकडं असं पाहिलं की मी खोलीत निघून गेलो. जेवलो नाही. आईंनी दोनदा दार वाजवलं. दुसऱ्यांदा वाजवून त्या तिथंच थांबल्या असाव्यात, कारण पावलं परत गेल्याचं ऐकू आलं नाही. मी दार उघडलं नाही.

१७ सप्टेंबर, गणेश चतुर्थी

रजा होती. गणपती बसला, आरती झाली, एकवीस मोदक. पहिला मोदक आईंनी मलाच वाढला, वर तूप, नेहमीसारखा. मी मान वर केली नाही. कालचं बोलणं परत घ्यायला हवं होतं, ते झालं नाही. मोदक पाच खाल्ले.

१९ सप्टेंबर

इरानं बाँब टाकला. नाश्त्याला बसलो असताना म्हणाली, "बाबा, आजी हॅज वन होल बुक ऑफ युअर मिस्टेक्स, यू नो."

आई गोऱ्यामोऱ्या झाल्या. ऋचानं वही मागितली. दोनशे पानी, खाकी पुठ्ठ्याची. १८ जूनपासून माझी प्रत्येक चूक, तारीखवार, चूक डावीकडं, बरोबर वाक्य उजवीकडं. २९ ऑगस्टच्या पानावर तर मी परीक्षेत जे लिहिल्याचं सांगितलं होतं त्यातल्या अठरा चुका. म्हणजे मी दारातून आत आलो तेव्हाच त्यांना निकाल माहीत होता.

"मग सांगितलं का नाही?" मी विचारलं. त्या कपबशा गोळा करायला लागल्या. ऋचाच म्हणाली, "तू जावई आहेस रे! जन्मभर तुझ्यापुढं ताट आणून ठेवलेली बाई तुला 'चूक' कशी म्हणेल? जून-जुलैत तर तू विष्णू होतास." आणि कपाळावर हात मारून घेतला.

आता सगळं लख्ख झालं. जामाता दशमो ग्रहः म्हणतात, तो दहावा ग्रह स्वतःच्याच पत्रिकेत वाकडा येऊन बसला होता. मी हात जोडून म्हणालो, "आई, परवाचं विसरा. माझं फार चुकलं. आणि आजपासून सहा ते पावणेसात मी तुमचा जावई नाही. तुमच्या शाळेतल्या पोरींना जसं वागवायचात तसं वागवा. अरे-तुरे करा, कान धरा."

त्यांनी वही आपल्याकडं ओढली. मग म्हणाल्या, "कान धरेन हं. मग रडायचं नाही."

२१ सप्टेंबर

बापरे.

२३ सप्टेंबर

आज पाच ओळींत अकरा लाल गोल. "सुबोध, हे वाक्य आहे की वरण?" काल एकच वाक्य वीस वेळा लिहायला लावलं. बर्म्युडावर बंदी. मी फुलपँट घालून स्वतःच्या डायनिंग टेबलाशी सकाळी सहाला बसतो. पावणेसात वाजले की लगेच, "सुबोधराव, चहा टाकू?"

दोन बायका एकाच खुर्चीत राहतात असं वाटायला लागलं आहे. पहिलीची मला भीती वाटते. दुसरी मला पोहे देते.

२५ सप्टेंबर, शुक्रवार

सुमात्रातल्या जळत्या जंगलांचा धूर. खिडकीतून समोरचा ब्लॉक दिसत नाही, शाळांना सुट्टी. आईंना खोकला आहे. मी म्हणालो आज राहू दे. खोकत म्हणाल्या, "परीक्षेला धूर दिसतो का? काढ वही."

माझी मुख्य खोड त्यांनी शोधली आहे. मी पाठ करतो. कुठलाही विषय द्या, मी आधी पाठ केलेल्या एखाद्या निबंधाकडं वळवून नेतो. 'माझी मांजर'पासूनची सवय. आज त्यांनी विषय दिला, 'आज सकाळी तू काय पाहिलंस?' मी थाटात जंगलांच्या ऱ्हासावर सुरू झालो. त्यांनी वही मिटली. म्हणाल्या, "तू आज सकाळी जंगल पाहिलंस? खोटं बोलू नकोस. खरं सांगायला लागलास की शब्द आपोआप कमी लागतात." मग मी सांगितलं की सकाळी मी त्यांना खोकताना पाहिलं, आणि त्यांनी गरम पाणी प्यावं असं मला वाटलं. एकच गोल आला. तो काढून त्या पाणी प्यायला उठल्या.

१८ ऑक्टोबर

आज मजा झाली. मार्टिनला जेवायला बोलावलं होतं. आई जन्मात एकाही जर्मन माणसाशी बोलल्या नव्हत्या, जर्मनीला गेल्या नव्हत्या. धांदलीत आमटीत मीठ दोनदा पडलं. तो आला, आणि त्यांनी त्याचं असं काही स्वागत केलं की तो दारातच उभा राहिला. नंतर मला म्हणाला, माझी आजी असं बोलायची. दोघं दोन तास बोलत होते. त्यांच्या गप्पांतलं निम्मं मला कळलं, म्हणजे प्रगती आहे. त्यानं त्यांना विचारलं, जर्मनीत आल्यावर काय काय बघणार? आई हसल्या आणि त्याला आणखी भात वाढला. इतक्या आनंदात त्यांना पुष्कळ दिवसांत पाहिलं नव्हतं. मार्टिन गेल्यावर मात्र लवकर झोपायला गेल्या, दमल्या असतील.

१० नोव्हेंबर, दिवाळी

क्लासला सुट्टी मागितली. मिळाली नाही. उटणं लावलेल्या अंगानं भूतकाळ लिहिला. चुका तीन. आई म्हणाल्या, "आता तुला कुणी अडवणार नाही." मी खूश झालो.

२८ नोव्हेंबर, शनिवार

परीक्षा झाली. लेखन ठीक. सगळं मुद्दाम छोटं आणि खरं लिहिलं.

बोलण्याच्या भागाबद्दल लिहायचं आहे. माझी जोडीदार हुई शान नावाची नर्स होती, पंचविशीची, नखं खाणारी. दोघांनी मिळून एका मित्राला इस्पितळात भेटायला जायचं ठरवलं, तिच्या धंद्यातलंच काम. मग माझा विषय: तीन पिढ्यांनी एका घरात राहणं. पाठ केलेलं काही नव्हतं. मी आमच्या घराबद्दल सांगितलं. सासूबाई पहाटे उठतात, साडी नेसून मला शिकवतात, माझ्या मुलीला त्यांच्यामुळं मराठी कळतं, जरी ती उत्तर इंग्रजीत देते. मी नापास झालो तेव्हा मी त्यांना वाईट बोललो आणि त्यांनी मला गोड वाढलं. फायदे तोटे सांगायचे असतात. तोटा मला एकच सुचला, की बर्म्युडा घालता येत नाही. परीक्षक हसले. शेवटी म्हणालो, मी पास झालो तर आम्ही जर्मनीला जाणार आहोत.

मग हुई शाननं प्रश्न विचारायचा होता. तिनं नख तोंडातून काढलं आणि अगदी सावकाश, शुद्ध विचारलं: "आणि तुम्ही जर्मनीला गेल्यावर तुमच्या सासूबाई कुठं राहतील?"

मला सगळे शब्द येत होते. घर, पुणे, एकट्या, पास, विमान. एकही वाक्य होईना. एचआरच्या पत्रातली ती ओळ आठवली, ती जुलैत वाचून मी बाजूला ठेवली होती. ऋचानं दोन-तीनदा विषय काढला होता, मी म्हणालो होतो आधी परीक्षा. पाच महिने त्या बाईसमोर रोज पाऊण तास बसलो. ऱ्हाइनवर सहली ठरवल्या.  मग म्हणालो: "मला माहीत नाही. मी त्यांना विचारलेलं नाही."

दोन्ही वाक्यं व्याकरणात अगदी बिनचूक होती.

घरी आलो. आईंनी खोदून खोदून विचारलं. मी सहल सांगितली, विषय सांगितला, हुई शानची नखंसुद्धा सांगितली. प्रश्न सांगितला नाही.

५ डिसेंबर

अजून विचारलेलं नाही. रोज सकाळी उठतो, त्या बसलेल्या असतात. परीक्षा संपली तरी. सवय, म्हणतात. मी वर्तमानपत्रातली बातमी वाचतो, त्या चुका काढतात. पावणेसात वाजतात.

ऋचाला सांगितलं. ती म्हणाली, "मीही नाही विचारलं रे. मला भीती वाटते ती 'काही नाही, मी राहीन की' म्हणेल म्हणून."

११ डिसेंबर, शुक्रवार

लेखन ७९. बोलणं ७१. पास.

मार्टिननं मिठी मारली. मी लवकर निघालो. ट्रेनमध्ये पाया लेबार स्टेशनपर्यंत उभाच होतो, जागा रिकामी असून. घरी आलो तर आई डायनिंग टेबलाशी मेथी निवडत होत्या, ऋचा नुकतीच आली होती, इरा सोफ्यावर आडवी. कागद आईंच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावला, आकडे दोनदा वाचले. "एकाहत्तर?" म्हणाल्या. "कुठं घालवलेस एकोणतीस?"

मी म्हणालो, "एका प्रश्नाचं उत्तर आलं नाही, आई." आणि तो प्रश्न सांगितला. आधी जर्मनमध्ये, जसा विचारला तसा, कारण मराठीत माझ्या तोंडून निघेना.

त्यांनी मेथीच्या दोन काड्या निवडल्या. मग म्हणाल्या, "पुण्याला. भाडेकरू जानेवारीत जागा सोडतोय. मी त्याला कळवलं आहे."

"पण तुम्हाला कुणी सांगितलं? आम्ही तर काहीच…"

"तुम्हीच दिलंत की ते पत्र तपासायला. मागची बाजू वाचली मी. शिक्षकाला छापलेलं दिसलं की वाचवतंच." चष्मा काढून टेबलावर ठेवला. "सुबोध, ऋचा म्हणते जावयाच्या मानापोटी गप्प बसले. जूनमध्ये तसंच होतं. ते पत्र वाचल्यावर नाही. मला वाटलं, हा नापास झाला तर इथंच राहील. कुठं ना कुठं दुसरी नोकरी मिळेल, आणि मी तुमच्यात राहीन. म्हणून मी 'छान' म्हणत राहिले. एकतीस वर्षांत कुठल्या मुलीशी असं वागले नव्हते. तू त्या दिवशी जेवला नाहीस. मी दाराबाहेर उभी होते, आणि मला स्वतःची लाज वाटली."

संध्याकाळचे साडेसहा वाजले होते, क्लासची वेळ नव्हती, तरी मला तू म्हणत होत्या. इरा उठून बसली होती.

मी विचारलं, "भाडेकरूला कधी कळवलंत?"

"गणपतीच्या दिवशी," आई म्हणाल्या. "सकाळी. उकड काढायच्या आधी फोन केला."

म्हणजे मी नापास झाल्याच्या दुसऱ्या दिवशी. लाल पेनाच्या आधी, कान धरण्याच्या आधी, त्या वहीचं गुपित फुटण्याच्याही आधी. ऋचाच्या ते आधी ध्यानात आलं. ती म्हणाली, "आई, म्हणजे पुढचे अडीच महिने तू ह्याला रोज सकाळी…"  ती आईच्या मांडीत डोकं घालून रडायला लागली. मीही लपवलं नाही. इरा येऊन आजीला बिलगली आणि शुद्ध मराठीत म्हणाली, "आजी, तू जाऊ नकोस ना."

आईंनी एका हातानं तिला थोपटलं, एका हातानं ऋचाला. माझ्याकडं बघून म्हणाल्या, "शिकवायचं तर नीटच शिकवायला हवं ना रे."

आम्हाला मार्चमध्ये निघायचं आहे. त्यांनी तिकीट काढलेलं नाही अजून, काही मार्ग काढायला तेवढे दिवस माझ्या हातात आहेत. उद्या शनिवार, सुट्टी. तरी सहाचा गजर लावला आहे आणि फुलपँट कपाटातून काढून खुर्चीवर ठेवली आहे.